मुदत नसलेलं कूपन

मेष्ट्रू, काल आनंदमेळा झाला. तुम्ही नसताना झालेला पहिलाच. तुम्हाला वृत्तान्त हवा असणार, आणि तोही गर्दी किती जमली, भाषण कुणाचं लांबलं, असला नव्हे. तुम्ही एकच विचारलं असतंत, वडा केवढा होता? सांगते. पण ते शेवटी. आधी मला भांडून घेऊ द्या. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

तुम्हाला अख्खं मंडळ मेष्ट्रू म्हणायचं. मास्तरांना इथं कन्नडमध्ये तसं म्हणतात, हे मला म्हैसूरला आल्यावर कळलं. तुम्ही जन्मभर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलंत, पण ज्यांनी तुमच्या वर्गाचं दारही पाहिलं नव्हतं तीही मंडळी तुम्हाला मेष्ट्रूच म्हणत. तुमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे तुमचं मराठी निम्मं आमच्यासारखं आणि निम्मं ‘सुम्ने’, ‘स्वल्प’ असं, ‘नाही का’च्या जागी ‘अल्वा’ म्हणणारं. मी सांगलीहून नवऱ्याच्या नोकरीपायी आलेली, म्हणून तुमच्या लेखी कायमची ‘सांगली’, फार तर ‘कणम्मा’, म्हणजे ‘बाई ग’. माझं खरं नाव तुम्हाला माहीत होतं की नाही, याबद्दल मला अजून शंका आहे.

पहिली भेट आठवते का? बोगादीत घर घेऊन आम्हाला काही महिने झाले होते. शेजारी चांगले, हवा चांगली, कॉफी तर फारच चांगली, आणि मी मात्र रोज दुपारी आईला फोन करून रडायची. कुणीतरी सांगितलं, संक्रांतीच्या रविवारी मराठी मंडळाचा आनंदमेळा असतो. गेले. खिडकीवर पैसे भरून कूपन घेतलं, ओळखी करून घेण्यात वेळ गेला, आणि वड्याच्या स्टॉलवर पोचले तोवर परातीत नुसता चुरा. मी तणतणत खिडकीशी आले आणि पैसे परत मागितले. खिडकीत तुम्ही होतात. लोकरी टोपी, नाकावर घसरलेला चष्मा. तुम्ही कूपन उलटंसुलटं पाहिलंत, आपलीच सही निरखलीत आणि ते माझ्या हातात परत ठेवलंत.

“पुढच्या वर्षी ये कणम्मा. चालेल.”

पुढच्या वर्षी! मी पुढच्या महिन्यात या गावात असेन की नाही याची मला खात्री नव्हती. पण कूपन पर्समध्ये ठेवलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, अरे, इथल्या एका म्हाताऱ्यानं मला पुढच्या वर्षाचं आमंत्रण दिलंय. तो म्हणाला, म्हणजे आता राहावं लागणार. ही गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नाही.

पुढच्या वर्षी गेले ती स्वयंसेवक म्हणून. मी हिशेबातली माणूस, एका कंपनीची जमाखर्चाची बाजू सांभाळणारी, म्हटल्यावर तुम्ही मला सरळ खिडकीत आपल्या शेजारी बसवलंत. आणि त्या दिवसापासून आपलं जे जुंपलं ते जुंपलंच.

कारण तुमच्या मते ती खाऊची कूपनं नव्हतीच. ते चलन होतं. तुम्ही रिझर्व्ह बँक, मैदान म्हणजे देश, आणि स्टॉल लावणाऱ्या बायका म्हणजे उत्पादन क्षेत्र. लोकांनी पैसे देऊन कूपन घ्यायचं, कूपन देऊन खायचं, आणि बायकांनी संध्याकाळी कूपनं आणून मंडळाकडून पैसे न्यायचे, एवढा साधा कारभार. पण तुम्ही सकाळी सगळी कूपनं कधी विक्रीला काढली नाहीत. आधी स्टॉलवर चक्कर मारून कुणी किती पीठ भिजवलंय, किती बटाटे उकडलेत ते पाहायचात आणि मग तेवढीच सोडायचात. दुपारी पुन्हा चक्कर. रांगेतली माणसं कुरकुरायची, मेष्ट्रू, द्या की पटापट. तुम्ही शांतपणे सांगायचात, आधी भजी वाढू द्या, मग कूपनं वाढवतो.

आणि ती बांगडी! मला पहिल्यांदा वाटलं, म्हातारा चळलाय. एका वड्याला एक कूपन, हा दर मंडळानं बांधून दिलेला. पण दर बांधला की वडा बारीक होतो, हे तुमचं निरीक्षण. महागाई दरपत्रकात दिसत नाही, परातीत दिसते, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून तुम्ही दरवर्षी आपल्या बायकोच्या, पद्माकाकूंच्या, हातातली एक सोन्याची बांगडी मागून घ्यायचात, वड्याच्या स्टॉलवर जायचात आणि वडा बांगडीतून घालून पाहायचात. अडकला तर ठीक. आरपार गेला तर वडेवाल्या नलूताईंची धडगत नसायची. त्या चिडायच्या, काकू लाजायच्या, आणि आम्ही सगळे खो खो हसायचो. मी एकदा म्हटलं, हे तर सुवर्णमान झालं, सोन्यावर तोललेलं चलन. तुम्ही केवढे उखडलात! सोनं मापायला ठीक आहे, पैसा त्याच्या दावणीला बांधायचा नाही, खाण सापडली की महागाई आणि नाही सापडली की उपासमार, असं सांगत राहिलात. रांग तेवढा वेळ खोळंबली.

मग पैसा कशाच्या दावणीला बांधायचा, हे मी विचारत राहिले आणि तुम्ही दर वेळी निराळं उत्तर देत राहिलात. खरं उत्तर तलकाडच्या सहलीत मिळालं. वाळूत गाडलेली देवळं पाहून, चपला हातात घेऊन, आपण घामाघूम वर आलो. तुम्ही टपरीवर पाण्याची बाटली घेतलीत आणि टपरीवाल्यानं सुटे नाहीत म्हणून उरलेल्या पैशांच्या टॉफ्या दिल्या. आम्ही कुणीही त्या गुपचूप तोंडात टाकल्या असत्या. तुम्ही खिशात ठेवल्यात. परतताना त्याच टपरीवर गेलात, चिक्की मागितलीत आणि पैशांच्या ऐवजी त्या टॉफ्या पुढे केल्यात. तो तुमच्याकडे बघतच राहिला. नाही म्हणाला. तुम्ही कन्नडमध्ये त्याच्याशी इतकं गोड बोलून वाद घातलात की शेवटी तोही हसायला लागला, पण टॉफ्या काही त्यानं घेतल्या नाहीत.

बसमध्ये तुम्ही त्या टॉफ्या पोरांना वाटल्यात आणि माझ्याकडे वळलात. म्हणालात, “बघितलंस? स्वतः दिलेलं स्वतः परत घेत नाही, तो पैसा खोटा. घेतो, तो खरा. बाकी सोनं, चांदी, कागद, सगळं सुम्ने.”

सुम्ने म्हणजे उगाच. एवढं कन्नड मला तोवर आलं होतं.

तुमचं हे म्हणणं नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं, हे झेरॉक्सच्या वर्षी कळलं. त्या वर्षी बेंगळुरूहून पाहुण्यांच्या गाड्या आल्या आणि दुपारीच कूपनं संपली. तुम्ही खिडकी बंद केलीत. जेवढं खाणं आहे तेवढी कूपनं गेलीत, आता बस. तेव्हाचे अध्यक्ष स्वभावानं फार भले. त्यांना पाहुण्यांचे पडलेले चेहरे बघवेनात. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून तुमच्या सहीसकट कूपनांच्या झेरॉक्स काढून आणल्या आणि स्वतः विकायला बसले. पुढचं काय सांगायचं! वडे तेवढेच आणि कूपनं दुप्पट. तासाभरात भजीची प्लेट दोन कूपनांवर गेली, पुरणपोळीचा तर लिलावच सुरू झाला, आणि संध्याकाळी निम्म्या लोकांच्या हातात कूपनं आणि पोटात कावळे. तुम्ही लांब एका खुर्चीवर कॉफी पीत बसला होतात. चेहऱ्यावर मात्र ‘मी सांगत होतो’ असं काही नव्हतं. वाईट वाटल्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी लोक त्या झेरॉक्सा घेऊन आले. मी म्हटलं, ही बनावट आहेत, तुमची सही नाही यावर, घेऊ नका. तुम्ही म्हणालात, सही झेरॉक्स असेल, मंडळ झेरॉक्स नाही. एकूण एक घेतलीत. आणि त्या भरपाईला नवी कूपनं इतकी हात आखडून सोडलीत की स्टॉलवाल्या बायका तुमच्यावर रुसल्या. विक्री पडली, अध्यक्ष रागावले, काकूंनासुद्धा कुणीतरी ऐकवलं. तुम्ही ढिम्म. सगळ्यांना आवडेल तेच करायचं तर मला इथं बसवलंय कशाला, एवढंच म्हणालात. तुम्हाला लोकांचा राग सोसायचा, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पण त्यातूनच आपलं मोठं भांडण सुरू झालं. मुदत. मी दरवर्षी म्हणायची, कूपनावर तारीख घाला, त्या दिवशीच चालेल असं छापा. न खपलेली कूपनं लोकांच्या घरात पडून आहेत, ते मंडळाच्या डोक्यावरचं देणं आहे, आणि किती आहेत याचा कुणाला पत्ता नाही. तुम्ही थोडीफार ठेव बँकेत ठेवली होतीत, पण सगळी एकदम आली तर ती पुरणार नाही. तुम्ही म्हणायचात, सगळे एकाच दिवशी येत नाहीत. मी म्हणायची, आले तर? तुम्ही म्हणायचात, घेत नाही म्हणून सांग, मग येतात की नाही बघ. मी नोटबंदी काढायची, तुम्ही म्हणायचात, त्या नोटाही बँकेनं बदलून दिल्याच की. काकू उपमा आणून ठेवायच्या आणि आपण तोंडात घास असतानाही भांडायचो. किती मजा यायची मेष्ट्रू! माहेरी माझ्या वडिलांशीसुद्धा मी एवढी भांडलेली नाही.

शेवटचं भांडण दवाखान्यात झालं. तुम्ही उशीला टेकून बसला होतात, आवाज बारीक झाला होता, पण डोळे तसेच. मी तुम्हाला हसवायला म्हणून विषय काढला. म्हटलं, लोक कूपन घेतात ते तुमच्या सहीवर. उद्या सही करणारा माणूसच नसला तर त्या कागदाला कोण विचारणार? बोलून गेले आणि जीभ चावली. तुम्हाला मात्र प्रश्न आवडला. मान हलवत राहिलात. म्हणालात, चांगला आहे, स्वल्प विचार करून उद्या सांगतो. त्या रात्रीच तुम्ही गेलात. मला आधी राग आला, असा कसा माणूस, उत्तर न देता गेला. मग मी खूप रडले.

महिन्याभरात मंडळाची बैठक लागली. तुमच्या जागी खजिनदार म्हणून मला बसवलं. आताचा अध्यक्ष कुलदीप, पुण्याहून आलेला, कंप्युटरवाला, हुशार पोरगा. त्यानं सरळ मांडलं की यंदापासून सगळं फोनवरून घ्यायचं, आणि मेष्ट्रूंची जुनी कूपनं रद्द म्हणून जाहीर करायची. त्याचं चूक नव्हतं. जुनी किती निघतील ठाऊक नाही, निघाली तर बायकांचे पैसे देणार कुठून? मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं, कारण इतकी वर्षं मुदतीसाठी घसा कोरडा करणारी मीच. आता माझ्या हातात सगळं होतं. नुसतं ‘हो’ म्हणायचं, भांडण मी जिंकले असते.

आणि मला त्या टपरीवाल्याचा हात दिसला, टॉफ्यांपासून मागे घेतलेला.

मी म्हटलं, “जुनी कूपनं चालतील. मेष्ट्रूंची सही असलेली सगळी. तसं जाहीर करा.”

कुलदीप म्हणाला, आणि ठेव संपली तर? मी म्हटलं, तर वरचे मी भरीन. नवरा शेजारी बसला होता, त्यानं छताकडे बघितलं. फोनवरून पैसे घ्यायला माझी ना नव्हती, तुमचीही नसायची. तो रस्ता आहे, पैसा नव्हे, असं तुम्ही म्हणायचात. तेव्हा खिडकीवर फोननं पैसे भरायचे आणि नवं कूपन घ्यायचं, एवढं ठरलं. नव्यांवर माझी सही.

काल सकाळी खिडकीत बसले. मैदानाच्या फाटकावर फलक, जुनी कूपनं चालतील. रांग वाढत होती आणि मला दिसत होतं, पुरुष पाकिटाचे आतले कप्पे उघडतायत, बायका पर्सच्या तळाशी हात घालतायत. संपलं, म्हटलं. सगळे एकाच दिवशी आले.

पहिले होते एक सरस्वतीपुरमचे आजोबा. पिवळं पडलेलं कूपन पुढे केलं आणि विचारलं, चालेल का? मी म्हटलं, चालेल. त्यांनी कूपन परत घेतलं, तुमच्या सहीवरून अंगठा फिरवला, पाकिटात ठेवलं, आणि फोन काढून म्हणाले, मग नवी चार दे. मला वाटलं आजोबांचा काही गोंधळ झाला. पुढच्या बाईंनी तेच केलं. चालेल ना? चालेल. बरं, मग असू दे. त्यांच्यामागची मुलगी तिच्या आजीचं कूपन घेऊन आली होती, आणि मेष्ट्रू, ते लॅमिनेट केलेलं होतं! ती तर ते कुणाच्या हातातसुद्धा देईना.

दुपारपर्यंत हेच. विचारायचं सगळ्यांनी, मोडायचं कुणीच नाही. आणि खिडकीत बसल्या बसल्या मला तुमचा वर्गातला नियम आठवला. एकाच किमतीचे दोन पैसे चालू केले, की माणूस बरा पैसा घरात ठेवतो आणि दुसरा बाजारात खपवतो. मी नेहमी म्हणायची, हे पुस्तकात, मेळ्यात असलं काही होत नसतं. झालं. माझ्या सहीचं लोकांनी वड्यावर उडवलं आणि तुमच्या सहीचं जपून ठेवलं. मला जरासुद्धा अपमान वाटला नाही. मी नाही म्हटलं असतं तर हीच माणसं कूपनं नाचवत पैसे मागायला आली असती, हेही कळलं. तुम्ही म्हणाला होतात ते खरं होतं. ही कबुली एकदाच देतेय, पुन्हा मागू नका.

ऊन उतरताना पद्माकाकू आल्या. तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच घराबाहेर. हातात ती बांगडी होती. नातेवाईक कुजबुजले होते म्हणे, तर काकूंनी त्यांना सांगितलं, ही माझी नव्हे, मंडळाची आहे. त्यांनी पदराच्या गाठीतून तुमच्या सहीचं कूपन काढलं आणि मला विचारलं, चालेल का ग? मी म्हटलं, चालेल काकू. मला वाटलं, आता परत गाठीत बांधतील. पण त्या तशाच उभ्या राहिल्या.

“सगळ्यांनी ठेवून घेतलं तर चालतं हे कळणार कसं? कुणीतरी मोडायला हवं, अल्वा?” म्हणाल्या आणि वड्यांच्या स्टॉलकडे चालू लागल्या.

मी कुलदीपला खिडकीत बसवलं, पर्सचा आतला कप्पा उघडला आणि त्यांच्यामागून गेले. हो, माझ्याकडेही होतं. तेच, पहिल्या वर्षीचं. इतकी वर्षं मुदतीसाठी तुमच्याशी भांडताना ते माझ्या पर्समध्येच होतं. पर्स बदलल्या, घर बदललं, ते तसंच राहिलं. पुढच्या वर्षी ये, चालेल, असं तुम्ही म्हणाला होतात. दोन्ही कूपनं नलूताईंच्या हातात दिली. त्यांनी काही न विचारता घेतली आणि दोन वडे ठेवले.

संध्याकाळी हिशेबाला बसले तर नलूताईंच्या गठ्ठ्यात ती दोन्ही नव्हती. त्यांच्या जागी माझ्या सहीची कोरी दोन. विचारलं तर म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय, आकडा जुळतो ना?

तर मेष्ट्रू, वडा. मैदानाच्या कडेला बाकावर बसलो आम्ही दोघी. काकूंनी बांगडी हातातून काढली. निघेना लवकर, मग मी साबण आणायला निघाले तर म्हणाल्या, थांब, निघते. एका हातात बांगडी, दुसऱ्या हातात वडा. नलूताई स्टॉलमागून मान उंच करून बघत होत्या, कुलदीप खिडकीतून बघत होता. काकूंनी वडा बांगडीत घातला.

अडकला.